सात नंबरचा शर्ट : आळंद ते औराद

शनिवारी सकाळी सहा वाजता सोलापूर स्टँडवर शेजारच्या फलाटाला गाणगापूरची बस लागली होती. नारळाच्या पिशव्या, पोरांची रडारड, खिडकीतून आत फेकलेले रुमाल, सगळी नेहमीची धमाल चालू होती. मी मात्र कलबुर्गीच्या बसपाशी उभी राहून एका बाईला फोन लावत होते. नववा फोन. बंद.

ही सहल नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तरी रस्ता, खाणं, भाडं सगळं लिहिणार आहे, कारण त्या बाजूला आपल्याकडचं कुणी फारसं जात नाही आणि जायला हवं.

मी कापड तपासते. सोलापुरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. अंगातल्या कपड्यातून घाम किती बाहेर पडतो, वारा किती आत येतो, माणसाला त्यात बरं वाटतं की नाही, हे मोजायचं. त्यासाठी आमच्याकडे एक धातूचा पत्रा आहे. तो माणसाच्या कातडीइतका गरम ठेवतात आणि त्यातून पाणी पाझरत राहतं. त्यावर कापड अंथरायचं आणि आकडे बघायचे. दोन वर्षं खपून मी उन्हात राबणाऱ्या बायकांसाठी एक शर्ट तयार केला. शेतात आणि रोजगार हमीच्या कामावर बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात, ते तुम्ही पाहिलं असेल. ऊन, कुसळं आणि धूळ यांपासून वाचायला. माझा शर्ट पत्र्यावर पहिल्या नंबरानं पास झाला.

पत्र्याला मत नसतं, म्हणून मार्चच्या शेवटी असे दहा शर्ट मी आळंद तालुक्यातल्या एका गावात दहा बायकांना वाटले. कडगंचीच्या अलीकडे आहे गाव, नाव लिहीत नाही. प्रत्येक शर्टाच्या पाठीत, आतून, बटणाएवढं एक यंत्र शिवलेलं होतं. दर दहा मिनिटांनी ते शर्टाच्या आतली उष्णता आणि ओलावा टिपून ठेवतं. वाटताना मी अंगणवाडीच्या ओट्यावर उभी राहून मोठ्या आवाजात सूचना दिल्या होत्या. रोज कामावर घाला. कापू नका, उसवू नका. आहे तसाच परत द्या. "कबूल?" असं विचारलं, तर दहाही जणी लाजत "कबूल" म्हणाल्या. मला तेव्हा फार छान वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी आकडे आले. नऊ शर्टांचे आकडे इतके सुंदर की प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या सरांनी चहा मागवला. बाहेर बेचाळीस अंश आणि शर्टाच्या आत चौतीस-पस्तीस. सातव्या शर्टाचं मात्र वेगळंच होतं. आठ दिवस रोज सकाळी नऊपासून आतली उष्णता चढत गेलेली, अडतीस, एकोणचाळीस. ओलावा तर काठोकाठ. नवव्या दिवशी दुपारी साडेबाराला रेघ एकदम खाली कोसळली, ओलावा शंभर, आणि त्यानंतर काहीच नाही. घरातल्या खुंटीवर टांगल्यावर येते तशी सपाट रेघ, दिवसांमागून दिवस.

"यंत्र भिजलं असणार," सर म्हणाले. "सात नंबर काढून टाक. दहातलं एखादं असं निघतंच."

सोमवारी अहवाल द्यायचा होता. तो पास झाला की पुढच्या उन्हाळ्याआधी हे शर्ट गाड्या भरभरून सीमेवरच्या गावांत जाणार होते. मी सात नंबर काढायला बसले आणि हात थांबला. भिजलेलं यंत्र आठ दिवस रोज वेळेवर कसं तापेल? आणि अंगावरचा शर्ट भर दुपारी असा अचानक गार कशानं होईल? याची दोन-तीन उत्तरं मला सुचली, त्यातलं एकही चांगलं नव्हतं. सात नंबर नागूबाईंचा होता. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, सासरे मेंढरं राखायचे. शर्ट घेताना त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला होता, एवढं मला आठवत होतं. मी सरांशी भांडले. तशी मी भांडकुदळ आहेच, पण त्या दिवशी आवाज जरा जास्तच चढला. यंत्रं वाचून आकडे पाठवणाऱ्या अंगणवाडीच्या महादेवी अक्कांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "सात नंबरचा शर्ट शेजारनीकडून आनला बगा. तिच्या घराला कुलूप हाय." पुढचं काही कळायच्या आत रेंज गेली. नागूबाईंचा नंबर तेव्हापासून लावतेय.

तर अशी निघाले. अक्कलकोट, वागदरी, आळंद असा रस्ता. हद्द ओलांडल्यावर रस्ता काही ठिकाणी चांगला आणि काही ठिकाणी देवाच्या भरवशावर आहे. आपल्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट. कर्नाटकात तिथल्या बायकांना प्रवासच फुकट. कंडक्टरनं माझं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं, सोलापूरचा पत्ता वाचला आणि शांतपणे पूर्ण तिकीट फाडलं. शेजारची बाई फुकटचं तिकीट मिरवत मला म्हणाली, "हिकडं लगीन करून या की, अक्का." अख्खी बस हसली. मीही हसले आणि पुन्हा नागूबाईंचा नंबर लावला.

आळंदला स्टँडसमोर सुसला आणि मिरची भजी खाल्ली. सुसला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेली असते. सकाळी नऊच्या आत गेलात तर गरम मिळतो. तिथून गावापर्यंत वडापची, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप, गुडघे तोंडाशी घेऊन.

महादेवी अक्का अंगणवाडीचं दार लावतच होत्या. चाळिशीच्या, ठसठशीत कुंकू, कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलणाऱ्या. मला पाहून दचकल्या.

"कामून आलाव मॅडम? आकडे पाठीवले की म्या सगळे."

"नागूबाई कुठं आहेत?"

"चक्कर आलती म्हनं कामावर. लेकीनं नेलं तिकडं, औरादला."

"कधी? आता कशा आहेत?"

"ते काय म्हाईत न्हाई वो. फोनच लागंना झालाय."

नागूबाईंच्या दाराला खरंच कुलूप होतं. अक्कांनी आकडे वाचून परत दिलेला सात नंबरचा शर्ट शेजारणीच्या घरात खुंटीवर टांगलेला होता, स्वच्छ, घडी मोडलेली तेवढी. मी तो पिशवीत घातला.

तेवढ्यात पारावर बसलेल्या एका गृहस्थाकडे लक्ष गेलं. अंगात माझा शर्ट. खिशावर तीन नंबर. सुपारी कातरत निवांत बसले होते. मला पाहून उठले आणि बाह्या पुढं करून म्हणाले, "लई भारी कापड हाय मॅडम. गाणगापूरला घालून गेलतो, घामच न्हाई आला."

"हा तुमच्या मालकिणीला दिला होता ना?"

"व्हय की. मग? नवा शर्ट घालून बाई मातीत जाती का?"

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का पदराशी चाळा करत होत्या. मग आम्ही दारोदार गेलो. पाच नंबर किराणा दुकानात गल्ल्यावर बसला होता. आठ नंबर आळंदच्या बाजाराला गेला होता. एक नंबर पाहुण्यांकडे लग्नाला. नऊच्या नऊ शर्ट नवऱ्यांच्या अंगात, सावलीत. माझे ते सुंदर आकडे म्हणजे नऊ पुरुषांच्या विश्रांतीच्या नोंदी होत्या.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"बटन शर्टात हाय. शर्ट कुनाच्या अंगात हाय, ते तुमी इचारलंच न्हाई की."

त्यांचा राग येईना. खरंच विचारलं नव्हतं. दहापैकी एकाच बाईनं शर्ट कामावर घातला होता आणि तिचेच आकडे आम्ही फेकणार होतो.

रोजगार हमीच्या तळ्याच्या कामावरून बायका परतत होत्या. उन्हाळ्यात हजेरी लवकर सुटते. त्यातली एक, चंदाबाई, नागूबाईंच्या जोडीला काम करणारी. तिनं सांगितलं ते असं. नागूबाई डोक्यावर मातीची पाटी घेऊन चढत होत्या. मधेच बसल्या. पाटी उतरवून होईतो आडव्या झाल्या. "अंग नुसतं भट्टी. आमी घागर रिकामी केली अंगावर. मग शर्ट काढला."

दुपारी साडेबाराला रेघ कोसळली होती ती ही घागर. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

"शुद्धीवर आल्या ना?"

"आलती की. पर बोलली न्हाई कायबी. लेक आली जीप घिऊन सांच्याला. पुढचं आमाला ठावं न्हाई."

कलबुर्गीला पोचायला संध्याकाळ झाली. स्टँडजवळ लॉज भरपूर आहेत, पंखा नीट चालतो का ते आधी बघून घ्या. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, पुंडीपल्ल्या म्हणजे आपली आंबट अंबाडीची भाजी, आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. एरवी मी तीन भाकऱ्या हाणल्या असत्या. त्या दिवशी अर्धी टाकली आणि वाढणाऱ्या अण्णांना वाटलं मला आवडलं नाही, ते सारखं विचारत राहिले.

रविवारी सकाळी पहिल्या बसनं हुमनाबादमार्गे बिदर. रस्ता चांगला आहे. मग जमीन लाल व्हायला लागते आणि हवाही जराशी हलकी होते. बिदरला उतरून किल्ला न बघता मी औरादची बस धरली. याबद्दल मला शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या. किल्ला जागच्या जागी राहणार होता. नागूबाईंबद्दल मला तेवढी खात्री नव्हती. खिडकीतून काय दिसलं ते विचारू नका, मी बसमध्ये सारखी तीच रेघ बघत होते, मोबाईलवर बोटांनी मोठी करून. आठ दिवस. आठ दिवस ती बाई एवढ्या तापलेल्या शर्टात का राहिली? एका दिवसात काढून फेकायला काय झालं होतं?

औरादला उतरलात की मराठी कानावर पडते आणि जीव थोडा हलका होतो. पाट्या कन्नडमध्ये, बोलणं मराठीत, हिशेबाला मधेच तेलुगू. चंदाबाईनं दिलेला पत्ता एवढाच होता, गिरणीवाला मल्लू, नागूबाईंचा जावई. आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानाकडेच्या चहावाल्याला विचारलं.

"मल्लूच्या घरी जायलाव?" त्यानं मला खालीवर पाहिलं. "जावा. लई मानसं जमलीत तिथं सकाळधरनं."

चहा तसाच ठेवून मी निघाले. गल्लीच्या तोंडाशीच गर्दी दिसली. बायका भिंतीला टेकून खाली बसलेल्या, पुरुष हात मागं बांधून गप्प उभे, ओट्याखाली चपलांचा ढीग. मी तिथंच थांबले. पुढं जाऊन काय म्हणणार होते मी? मी त्या शर्टवाली, असं?

आणि एकदम आत पट्टा फिरल्याचा आवाज झाला, गिरणी घरघरली आणि सगळी गर्दी एकदम उठून डबे पुढं ढकलायला लागली. दोन दिवसांनी लाइट आली होती, फोन बंद होता तो त्यामुळेच. माणसं दळणाला जमली होती. मी भिंतीला धरून तिथंच खाली बसले आणि रडले. एका बाईनं मला पाणी दिलं, कुणाचं दळण आहे ते विचारलं.

नागूबाई मागच्या अंगणात होत्या. वाळत घातलेल्या मिरच्या सारख्या करत होत्या. अंगानं वाळल्या होत्या, गालफडं बसली होती. साडीवर एक विटका, मूळचा कुठला रंग ते न कळणारा शर्ट. मला पाहताच हातातल्या मिरच्या टाकून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं.

"शर्ट खराब झाला न्हाई न्हवं, मॅडम? आन मी काय बी केलं न्हाई बगा त्येला. त्या बायांनी पानी वतलं."

त्यांची लेक, सुवर्णा, बाहेर आली. तिनं मला बसायला पोतं दिलं आणि सरळ विचारलं, "आता अजून काय पायजे तुमाला हिच्याकडनं?" तिचं बरोबर होतं. डॉक्टरांनी नागूबाईंना महिनाभर उन्हात जायला बंदी केली होती.

मी विचारलं, "मावशी, एवढं तापत होतं तर काढला का नाही?"

"कबूल केल्तं की तुमच्याम्होरं. रोज घालीन म्हनून."

"मग बाकीच्या बायकांनी..."

"त्यांच्या मालकांनी घातला आधी. तसंच असतंय ते." मग त्यांनी मला समजावून सांगितलं, शाळेतल्या बाईंसारखं, न चिडता. नवं घोंगडं कधी कुणी अंगाखाली घेत नाही, ते टोचतं. आधी ते घरातल्या म्हाताऱ्याच्या अंगाखाली दोन पावसाळे जातं, मग लेकराबाळांना देतात. शर्टाचंही तेच. आधी मालक गावात घालणार, मग बाजाराला, मग शेतात, कॉलर गेली की तो बाईकडे येणार. "तवर ऊन, पानी, घाम खाऊन ते कापड मऊ होतंय. माझा मालक गेला. माझ्यासाठी कोन घालनार?"

"आणि हा?" मी त्यांच्या अंगातल्या शर्टाकडे बोट केलं.

"ह्यो त्येंचाच. सा वरीस झालं." त्यांनी सहज हात वर केला आणि मला ते दिसलं. काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवलेली होती. दोन्ही बाजूंनी. काठ नीट दुमडून टाके घातलेले. उसवण नव्हती ती, खिडकी होती.

"हे कशाला?"

नागूबाईंनी सुवर्णाकडे पाहिलं. असा प्रश्न कुणी विचारतं का, असं. "वारं नको का लागाया? आत पदर, झंपर, वर ह्ये. पाटी धराया हात वर केला की वारं आत शिरतंय. समद्या जनी उसवत्यात. नवा कोन उसवतंय? जुना झाल्यावर उसवायचा."

माझ्या शर्टाच्या काखेत दुहेरी शिलाई आहे. उसवू नये म्हणून. ती मी स्वतः सुचवली होती आणि तिचं कौतुकही झालं होतं. आमच्या पत्र्याला काख नाही, पदर नाही आणि त्याच्या डोक्यावर पाटीही नसते. शिवाय ओट्यावर उभी राहून मीच ओरडले होते, उसवू नका म्हणून. नऊ जणींनी माझ्या सूचना कानाआड केल्या. ज्या बाईनं माझा शब्द पाळला, ती आडवी झाली.

मी सुवर्णाकडे साडी मागितली. ती हसेल असं वाटलं, हसली नाही. तिनं मला तिच्यासारखी घट्ट साडी नेसवली, पदर आवळून खोचला, वर सात नंबर चढवून सगळी बटणं लावली. अंगणात बांधकामाची वाळू होती. नागूबाई नको नको म्हणत होत्या, तरी मी पाटी भरून डोक्यावर घेतली आणि मिरच्यांभोवती फेऱ्या मारायला लागले. अकरा वाजले होते. दहाव्या मिनिटाला पाठीवरून ओघळ सुरू झाले. विसाव्याला कान गरम झाले, श्वास तोंडानं घ्यावा लागला आणि छातीत काहीतरी धडधडायला लागलं. घाम कापडात जात होता, तिथून पुढं कुठंच जात नव्हता. मला हवं तेव्हा थांबता येतं, हे मला माहीत होतं. नागूबाईंना तसं वाटलं नव्हतं, आठ दिवस.

"बास," नागूबाई म्हणाल्या. "हात वर कर, पोरी." 'मॅडम'ची 'पोरी' झाले, ते माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांनी विळीच्या टोकानं डाव्या काखेतला एक टाका तोडला आणि दोन्ही हातांनी शिवण ओढली. दुहेरी शिलाई, चांगली दमवून सुटली. वारं आत शिरलं. डावी कूस गार आणि उजवी तापलेली, असं ते एकाच अंगात जाणवत होतं. मी पाटी उतरवायचं विसरून तशीच उभी राहिले.

"दुसरी बाजू तू कर," त्या म्हणाल्या. "मला दम लागतोय अजून."

ती बाजू मी तिथं केली नाही. मुद्दाम ठेवली.

निघताना मी माफी मागितली. नागूबाईंना ती कशाबद्दल ते नीटसं कळलं नाही. सुवर्णाला कळलं. तिनं भाकरी आणि चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "आता परत काय वाटाया आलाव, तर आधी आमाला इचारून शिवा." परतीचा रस्ता उदगीर, लातूरमार्गे केला. वेळ हाताशी असेल तर तोच करा, बिदरला परत जाण्यापेक्षा बरा पडतो. गाड्या मात्र बदलाव्या लागतात, पाणी बरोबर ठेवा.

सोमवारी अहवालात मी एक ते सहा आणि आठ ते दहा नंबर काढून टाकले आणि सात ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला. अहवाल पास होणार नव्हता, पुढच्या उन्हाळ्यात शर्ट जाणार नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. दोन वर्षांचं माझं काम होतं, वाईट तर वाटलंच. ते म्हणाले, "एका बाईच्या आकड्यावर?"

मी पिशवीतून शर्ट काढला. डावी कूस उसवलेली, उजवी शाबूत. टेबलावरची कात्री घेऊन उजव्या काखेत पहिला टाका तोडला.

"अगं, काय करतेस! गावातून परत आलेला तो एकच नमुना आहे."

"होय सर," मी म्हटलं. "एका बाईनं कबूल केलं होतं, म्हणून तो न उसवता परत आला." आणि दोन्ही हातांनी शिवण ओढली.